बदलापूर ते मुंब्रा बायपास : एका खटल्याच्या मृत्यूचा घटनाक्रम

या घटनाक्रमातला शून्याचा काटा आहे 23 सप्टेंबर 2024, सोमवार, संध्याकाळी साधारण सव्वासहाची वेळ. ठिकाण मुंब्रा बायपास. पोलिसांच्या चालत्या गाडीत वरिष्ठ पोलीस निरीक्षकाच्या पिस्तुलातून सुटलेली गोळी कोठडीतल्या एका आरोपीच्या डोक्यात शिरली. अक्षय शिंदे मेला. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो, हा कायदा आहे. म्हणजे त्या गोळीने बालवाडीतल्या दोन मुलींचा खटलाही मारला. त्या गोळीपर्यंत वेळ कशी सरकत गेली, आणि कुठल्या-कुठल्या तासाला ती थांबवता आली असती, हे नोंदवून ठेवायला हवं.

42 दिवस आधी. 12 आणि 13 ऑगस्ट

बदलापूर पूर्वेतली एक नावाजलेली शाळा. 1 ऑगस्टला कंत्राटी सफाई कामगार म्हणून अक्षय शिंदे हा 24 वर्षांचा तरुण कामाला लागतो. तो कोण, कुठला, याची पडताळणी नाही. लहान मुलींच्या स्वच्छतागृहाकडे त्याला मोकळी वाट आहे. दोन मुलींवर अत्याचार होतात. त्यातली एक मुलगी शाळेत जायचं नाव काढलं की रडते, आणि घरच्यांना काय झालं ते तिच्या शब्दांत सांगते. डॉक्टरांकडे नेल्यावर शंका उरत नाही. पुढे तपासात शाळेच्या सीसीटीव्हीचं आधीच्या पंधरा दिवसांचं चित्रण मिळत नाही, हे तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं.

38 दिवस आधी. 16 ऑगस्ट, शुक्रवार

स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी पालक बदलापूर पूर्व पोलीस ठाण्यात जातात. इथला प्रत्येक तास मोजून बघा.

ठाण्यात शिरल्यापासून गुन्हा नोंद होईपर्यंत अकरा-बारा तास जातात. एवढा वेळ आई-वडील बाकावर बसून आहेत. लहान मुलीची तक्रार, डॉक्टरांचं म्हणणं हातात, आणि ठाण्याच्या प्रमुखपदावर एक महिला अधिकारी. तरीही गुन्हा नोंदवायला रात्र होते.

याबाबतीत कायद्यात कुठेही धूसरपणा नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात 2013 सालीच सांगितलं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 पासून आहे. त्याच्यापुढे जाऊन, बलात्कारासारख्या गुन्ह्याची तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरीची तरतूद आहे. निर्भया प्रकरणानंतर ती भारतीय दंड विधानात आली आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 मध्ये आहे. सरकारी नोकरावर खटला भरायचा तर एरवी सरकारची मंजुरी लागते. या गुन्ह्यासाठी ती मंजुरीही लागत नाही, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 218 च्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. तक्रार दाबणाऱ्या पोलिसाभोवतीची भिंत संसदेने मुद्दाम पाडून ठेवलेली आहे. ते कलम वापरायला कुणीतरी पुढे यावं लागतं, एवढंच.

माझ्या मते या घटनाक्रमातला पहिला घात इथेच आहे. त्या दुपारी एका हवालदाराने कागद पुढे ओढून जबाब लिहायला घेतला असता, तर चार दिवसांनंतरचं बदलापूर वेगळं दिसलं असतं.

37 दिवस आधी. 17 ऑगस्ट

अटक होते.

34 दिवस आधी. 20 ऑगस्ट, मंगळवार

सकाळी पालक शाळेच्या फाटकाशी जमतात. बघता बघता गर्दी हजारोंची होते. शाळेत तोडफोड होते आणि लोक बदलापूर स्टेशनात शिरून रुळांवर उतरतात.

बदलापूर हे लोकलवर जगणारं गाव आहे. पहाटेच्या गाडीने निघून रात्रीच्या गाडीने घरी येणाऱ्या माणसांनीच त्या दिवशी आपली गाडी अडवली. अंबरनाथच्या पुढे कर्जतपर्यंतची वाहतूक बंद पडली, लांब पल्ल्याच्या गाड्या पनवेलमार्गे वळवाव्या लागल्या. मंत्री गिरीश महाजन रुळांवर उतरून विनवण्या करत राहिले. लोकांना फक्त फाशी हवी होती, तीही त्याच दिवशी. पोलिसांवरचा विश्वास एका शुक्रवारी संपला होता आणि मंगळवारी त्याची किंमत वसूल होत होती. संध्याकाळी लाठीमार झाला, दगडफेक झाली, आणि रात्री उशिरा गाड्या पूर्ववत झाल्या. सत्तरहून अधिक आंदोलकांना अटक झाली.

त्याच दिवशी बदलापूर पूर्वच्या वरिष्ठ निरीक्षकांसह तिघा पोलिसांचं निलंबन, पोलीस महानिरीक्षक आरती सिंह यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक आणि उज्ज्वल निकम यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक, अशा घोषणा झाल्या. जे काम शुक्रवारी एका अंमलदाराचं होतं, त्यासाठी मंगळवारी अख्खं सरकार धावलं.

32 दिवस आधी. 22 ऑगस्ट

मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठापुढे उघड झालं की दुसऱ्या मुलीचा जबाब तोपर्यंत घेतलेलाच नव्हता. लोक रस्त्यावर उतरल्याशिवाय यंत्रणा हलत नाही का, असा न्यायालयाचा प्रश्न होता. शाळेने पोलिसांना न कळवल्याबद्दलही पॉक्सोखाली कारवाई हवी, असं न्यायालयाने बजावलं. संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव मात्र त्यानंतरही कित्येक आठवडे पोलिसांना सापडले नाहीत. सापडले ते 2 ऑक्टोबरला, आरोपी मेल्यानंतर नऊ दिवसांनी.

शेवटचा आठवडा

विशेष तपास पथकाने दोन आरोपपत्रं दाखल केली. साक्षी, वैद्यकीय पुरावे, ओळख परेड, सगळं कागदावर आलं. खटला जलदगती न्यायालयात चालवू, असं सरकार वारंवार सांगत होतं. दोषी ठरला असता तर कायद्यात कठोरात कठोर शिक्षा होती. आता बाकी होतं ते फक्त न्यायालयात उभं राहणं. मुलींच्या घरच्यांना ते हवं होतं की नव्हतं, हे त्यांना कुणी विचारल्याचं मला दिसत नाही.

पावणेतीन तास आधी. 23 सप्टेंबर, दुपारी साडेतीन

तळोजा कारागृह. अक्षयचे आई-वडील त्याला भेटून गेले. त्याने कँटीनमधून खायला घेता यावं म्हणून पाचशे रुपये मागितले आणि जामिनाचं विचारलं, असं वडिलांच्या वकिलांनी पुढे उच्च न्यायालयात सांगितलं. पळून जायच्या किंवा मरायच्या तयारीतला माणूस कँटीनच्या पैशांचं बोलत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. युक्तिवाद म्हणूनच तो घेऊ. पण त्या दुपारी काय बोलणं झालं ते ऐकायला फक्त आई-वडील आणि कारागृहाची भिंत होती.

पाऊण तास आधी. संध्याकाळी साडेपाच

अक्षयच्या विभक्त पत्नीने त्याच्याविरुद्ध वेगळी तक्रार दिली होती. त्या गुन्ह्याच्या चौकशीसाठी ठाणे गुन्हे शाखेचं पथक वॉरंट घेऊन तळोज्याला आलं. गाडीत वरिष्ठ निरीक्षक संजय शिंदे, एक सहायक निरीक्षक, दोन हवालदार आणि चालक. संजय शिंदे हे पूर्वी ठाण्याच्या खंडणीविरोधी पथकात प्रदीप शर्मांच्या हाताखाली काम केलेले अधिकारी.

इथे थोडं थांबायला हवं. प्रदीप शर्मांना त्याच वर्षी, 19 मार्च 2024 ला, मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेप सुनावली होती. रामनारायण गुप्ता ऊर्फ लखन भैया याला 11 नोव्हेंबर 2006 ला वाशीतून उचलून वर्सोव्यात मारल्याचा तो खटला. भाऊ वकील होता, त्याने चकमकीच्या आधीच वरिष्ठांना तार-फॅक्स पाठवले, म्हणून पुरावा उरला. मुख्य साक्षीदार अनिल भेडा साक्षीच्या तोंडावर 2011 मध्ये मारला गेला. 2013 मध्ये 13 पोलिसांना शिक्षा झाली, तर 2015 मध्ये राज्य सरकारने त्यांतल्या 11 जणांची शिक्षाच थांबवून त्यांना घरी पाठवलं. तो आदेश पुढे न्यायालयाने मोडला. याच प्रकरणात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने बनावट चकमकी करणाऱ्या पोलिसांना फाशीपर्यंतची शिक्षा व्हावी, असे उद्गार काढले होते.

एवढं सगळं महाराष्ट्रातच घडलेलं. आणि तरी एका बहुचर्चित आरोपीला संध्याकाळच्या वेळी, बंद गाडीत, बाहेरच्या कुणाच्याही नजरेआड घेऊन जाताना कुणालाही जादा खबरदारी घ्यावीशी वाटली नाही.

शून्य. संध्याकाळी सव्वासहा

पोलिसांची बाजू अशी : गाडी मुंब्रा बायपासवर असताना आरोपी चिडला, पाणी मागितल्यामुळे त्याचे हात मोकळे केले होते. त्याने सहायक निरीक्षकाच्या कमरेचं पिस्तूल खेचलं, तीन गोळ्या झाडल्या, एक त्या अधिकाऱ्याच्या मांडीत लागली. तेव्हा संजय शिंदे यांनी स्वसंरक्षणात एक गोळी झाडली. ती डोक्यात लागली. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात त्याला मृत घोषित केलं.

ती तारीख लक्षात ठेवा. बरोबर दहा वर्षं आधी, 23 सप्टेंबर 2014 ला, सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात पोलीस चकमकींसाठी 16 नियम घालून दिले होते. 1995 ते 1997 या काळात मुंबईत झालेल्या 99 चकमकी आणि त्यांत मेलेली सुमारे 135 माणसं, हा त्या याचिकेचा विषय. नियम सोपे आहेत. एफआयआर नोंदवून लगेच न्यायालयाकडे पाठवा. तपास दुसऱ्या ठाण्याकडे किंवा सीआयडीकडे द्या. बोटांचे ठसे, रक्त, माती, सगळं जपा. वापरलेली शस्त्रं न्यायवैद्यक तपासणीला जमा करा. दंडाधिकाऱ्याची चौकशी होऊ द्या. शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत पाळीबाहेरची बढती आणि शौर्याचं बक्षीस देऊ नका.

काही तासांनंतर

रात्री बदलापुरात फटाके वाजले, स्टेशनात पेढे वाटले गेले. पुढच्या दिवसांत मुंबईत गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हातात बंदूक घेतलेले फलक लागले, त्यावर लिहिलं होतं ‘बदला पुरा’. विधानसभा निवडणुकीला दोन महिने उरले होते. पेढे वाटणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. तिने 16 ऑगस्टची रात्र ऐकली होती, ठाण्यात न्याय मिळत नाही हे तिला कळलं होतं, म्हणून गोळी तिला न्याय वाटली. पण फलक लावणाऱ्यांना माफी नाही. ज्या खात्याने तक्रार नोंदवायला बारा तास लावले, त्याच खात्याच्या गोळीचा जयजयकार करून त्यांनी पहिल्या गुन्ह्याचा हिशेब पुसला.

दोन दिवसांनंतर. 25 सप्टेंबर

वडिलांच्या याचिकेवर पुन्हा तेच खंडपीठ बसलं. प्रश्न साधे होते. गाडीतल्या प्रशिक्षित पोलिसांना एक आरोपी आवरला नाही? गोळी पायावर किंवा हातावर का नाही? पिस्तूल ओढून झाडायला सराव लागतो, तो या माणसाला कुठून आला? तीन गोळ्या झाडल्या, एक लागली, तर बाकीच्या दोन कुठे गेल्या? ही चकमक मानणं कठीण आहे, असंही न्यायालयाने बोलून दाखवलं.

सहा दिवसांनंतर. 29 सप्टेंबर, रविवार, उल्हासनगर

घरच्यांना मृतदेह जाळायचा नव्हता, पुरायचा होता. पुढे पुन्हा शवविच्छेदन करावं लागलं तर पुरावा हवा म्हणून. बदलापूरने जागा दिली नाही. अंबरनाथने दिली नाही. न्यायालयाला सरकारला सांगावं लागलं की जागा शोधून द्या. शेवटी उल्हासनगरच्या शांतीनगर स्मशानभूमीत खड्डा खणला, तर आसपासच्या बायाबापड्या आणि पोरं धावून आली आणि त्यांनी हातांनी, फावड्याने माती लोटून तो खड्डा बुजवला. पोलिसांनी लोकांना हटवलं, काहींना ताब्यात घेतलं, खड्डा पुन्हा खणला, आणि कळव्याच्या शवागारातून आणलेला मृतदेह कडक बंदोबस्तात पुरला.

एका पोलीस परिमंडळातली ही तीन शहरं, लोकलच्या तीन-चार स्थानकांच्या अंतरात. एका ठाण्यात तक्रार लिहायला पोलीस तयार नव्हते, आणि शेवटी स्मशानात माती टाकायला पोलीसच लागले.

चार महिन्यांनंतर. 20 जानेवारी 2025

दंडाधिकारी अशोक शेंगडे यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयात उघडला गेला. कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्याने चौकशी करणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्या चौकशीचं महत्त्व इथे कळतं. न्यायवैद्यक अहवालानुसार ज्या पिस्तुलाने आरोपीने तीन गोळ्या झाडल्या म्हणतात, त्यावर त्याच्या बोटांचे ठसे नाहीत. त्याच्या हातांवर गोळी झाडल्याचे अवशेष नाहीत. वापरलेलं बळ समर्थनीय नव्हतं, स्वसंरक्षणाचा दावा संशयास्पद आहे, आणि गाडीतले पाचही पोलीस मृत्यूला जबाबदार आहेत, असा निष्कर्ष निघाला. हा निष्कर्ष म्हणजे शिक्षा नव्हे. पाचही जण निर्दोष ठरू शकतात, पण ते खटल्यातून ठरावं लागेल. आणि खटल्याला एफआयआर लागते.

तोपर्यंत गुन्हा नोंदला गेला होता तो मेलेल्या माणसावर, खुनाच्या प्रयत्नाचा. पोलिसांवर नव्हता.

6 फेब्रुवारीला आई-वडिलांनी न्यायालयाला सांगितलं की आम्हाला पुढे लढायचं नाही. जमावाने त्यांचं घर फोडलं होतं, गाव सोडावं लागलं होतं, धावपळ झेपत नव्हती. न्यायालयाने तरीही प्रकरण सोडलं नाही, ज्येष्ठ वकील मंजुळा राव यांना न्यायमित्र नेमलं.

196 दिवसांनंतर. 7 एप्रिल 2025

न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांनी आदेश दिला : पाचही पोलिसांवर गुन्हा नोंदवा, तपासासाठी विशेष पथक नेमा. 25 एप्रिलपर्यंत आदेश पाळला गेला नव्हता, न्यायालयाला सरकारला सुनवावं लागलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. 5 मे 2025 ला तिथे पथक राज्याच्या पोलीस महासंचालकांनी नेमावं, असा बदल झाला.

मुलींच्या तक्रारीला बारा तास, आणि कोठडीतल्या मृत्यूवर नुसता गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळायला साडेसहा महिने. हे दोन आकडे वेगळे वाटत असतील तर पुन्हा बघा. दोन्हीकडे कायद्याने मार्ग मोकळा ठेवलेला होता आणि दोन्हीकडे सरकारने पोलिसाला पाठीशी घातलं. संरक्षण कलमात जेवढं आहे, त्याहून जास्त मंत्रालयात आहे. परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस 2003 च्या जानेवारीत कोठडीत मेला. सीआयडीने 14 पोलिसांवर कारवाई सुचवली, सरकारने मंजुरी दिली चौघांपुरती. मंजुरी देणारा हात आणि पोलिसाला आदेश देणारा हात एकाच देहाचे आहेत, ही अडचण आहे. नव्या संहितेने सरकारला 120 दिवसांची मुदत घातली. मुदतीत निर्णय नाही तर मंजुरी मिळाली असं समजायचं. पण घड्याळ सुरू व्हायला आधी गुन्हा नोंदायला हवा, आणि तो नोंदवायचा पोलिसांनीच.

त्या दोन मुली आज शाळेत जात असतील. त्यांच्यावर अत्याचार कोणी केला, कोणी दुर्लक्ष केलं, सीसीटीव्हीचं चित्रण कुठे गेलं, याची न्यायालयात पूर्ण छाननी मुख्य आरोपीवरच्या खटल्यातून झाली असती. ती आता होणार नाही. मुंब्रा बायपासवर ज्यांना बदला दिसला त्यांनी हे लक्षात घ्यावं, की मुलींच्या हाती काय आलं.

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या वाचकांना मागणं आहे. पुढच्या वेळी कुणी पालक तुमच्या सोबत ठाण्याच्या पायऱ्या चढेल, तेव्हा जबाब लिहून घ्यायचा आग्रह धरा, एफआयआरची मोफत प्रत हक्काने मागा, नकार मिळाला तर कलम 199 चं नाव घ्या आणि वर उपायुक्तांकडे लेखी द्या. आणि पुढच्या वेळी आरोपी कोठडीत मेला, तो कितीही नावडता असला, तर पेढ्यांच्या आधी पाच प्रश्न विचारा : एफआयआर कुणावर, तपास कुणाकडे, ठसे कुठे, दंडाधिकाऱ्याचा अहवाल केव्हा, आणि सरकारची मंजुरी किती दिवसांत.